घरी धुतलेल्या कट फिल्मवर आकाशाच्या कडा गडद का येतात?

रातकिडा (पुणे)

नमस्कार. गेली सहा-सात वर्षे मी ३५ मिलिमीटरचे कृष्णधवल रोल घरीच धुतो आणि टाकीत रोल धुण्यात आता मला फारसे अवघड काही वाटत नाही. यंदा मात्र एक जुना ४×५ इंची फील्ड कॅमेरा हाती आला, त्याच्यासाठी इल्फर्ड एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मचा डबा मागवला, आणि जुने स्टुडिओवाले जिला कट फिल्म म्हणतात ती (रोल नव्हे, सुट्या शीटची फिल्म) धुताना मी पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसलो आहे. तीन रात्रींत मिळून अठरा शीट धुतल्या. त्यांतल्या मनासारख्या जेमतेम चार निघाल्या.

माझी पद्धत सविस्तर सांगतो, म्हणजे जाणकारांना चुकीवर बोट ठेवता येईल. न्हाणीघराच्या खिडकीला दुहेरी काळे कापड लावून रात्री दहानंतर काम करतो. ५×७ इंची चार ट्रे ओळीने मांडलेले असतात: पहिल्यात साधे पाणी, दुसऱ्यात पाणी न मिसळलेला डी-७६ हा डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण), तिसऱ्यात डेव्हलपरचे काम थांबवणारा स्टॉप बाथ म्हणून पातळ केलेले व्हिनेगर आणि चौथ्यात हायपो (चित्र पक्के करणारे द्रावण). एका वेळी सहा शीट घेतो, त्या एकत्रच पहिल्या ट्रेमध्ये सोडतो, मिनिटभराने डेव्हलपरमध्ये नेतो आणि तळाची शीट काढून वर, पुन्हा तळाची काढून वर, असे पत्ते पिसल्यासारखे करत राहतो. नळाचे पाणी सध्या २९ अंशांचे आहे. फिल्म धुण्याच्या वेळांच्या कोष्टकात २० अंशांना साडेआठ मिनिटे दिली आहेत. दर अंशाला सुमारे दहावा हिस्सा कमी करत गेलो, तेव्हा साडेतीन मिनिटे आली आणि तेवढीच दिली.

आता दोष. बहुतेक निगेटिव्हमध्ये आकाशाच्या दोन्ही लांब कडांना बोटभर रुंदीचा जास्त घनतेचा, म्हणजे जास्त काळा, पट्टा आहे, त्यामुळे प्रिंटमध्ये आकाश मध्यभागी करडे आणि कडांना पांढुरके दिसते. खाली झाडांची सावली आहे तिथे मात्र हा पट्टा जवळजवळ नाहीसा होतो. चार-पाच शीटच्या कोपऱ्यांपाशी चंद्रकोरीसारखे बारीक ओरखडे आहेत. दोन शीट बहुधा एकमेकींना चिकटल्या असाव्यात, कारण त्यांतल्या एकीवर सुपारीएवढा भाग जवळपास कोराच राहिला आहे. शिवाय शेवटच्या खेपेच्या सगळ्या निगेटिव्हवर फिकट जांभळट छटा आहे.

दोष तापमानाचा, ट्रेचा की माझ्या हाताचा? की कॅमेऱ्याच्या भात्यातून (भिंग आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या नळीतून) प्रकाश गळतो आहे? शीटसाठी वेगळी बंद टाकी घ्यावीच लागेल का?

चौकट (ठाणे)

कॅमेऱ्यावरचा संशय आधी दूर करते, कारण त्याचे उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. भात्यातून किंवा होल्डरमधून (शीट भरून कॅमेऱ्यात बसवायच्या चपट्या पेटीतून) प्रकाश गळतो तेव्हा तो सगळ्यात आधी सावल्यांत दिसतो. तिथे फिल्मवर मुळात फारसे काही उमटलेले नसते, म्हणून थोडासा आगंतुक प्रकाशही उठून येतो. तुमचा पट्टा सावलीत नाहीसा होतो आणि जिथे भरपूर प्रकाश पडला आहे तिथेच गडद होतो, याचा अर्थ तिथे प्रकाश जास्त पडलेला नसून डेव्हलपरचे काम जास्त झालेले आहे. आणखी एक खूण पाहा. शीटच्या कडेला होल्डरच्या खाचेखाली दडलेली जी अरुंद पट्टी असते, ती स्वच्छ पारदर्शक असेल तर तुमचे न्हाणीघरही निर्दोष आहे. (ती करडी असेल तर गीझरचा लाल दिवा शोधा. माझ्याकडे तोच गुन्हेगार निघाला होता. लाल उजेड निरुपद्रवी ही आपली समजूत फोटोच्या कागदावरून आलेली असते. एफपी४ सर्व रंगांना संवेदनशील आहे, तिला पूर्ण काळोखच लागतो.)

मग कडांना डेव्हलपरने जास्त काम का केले? तुम्ही साडेतीन मिनिटांत सहा शीट फिरवता आहात. एक शीट डेव्हलपरमध्ये नीट बुडवायला सहा सेकंद धरले, तर पहिली आणि सहावी यांच्यात तीस सेकंदांपर्यंत अंतर पडते. हे अंतर एकूण वेळेच्या सातव्या हिश्शाएवढे आहे! काढताना त्याच क्रमाने काढल्या तर एकूण वेळ सारखी होते, पण मधल्या काळात गठ्ठ्याच्या आतल्या शीटला डेव्हलपर फक्त कडांनी मिळत असतो. प्रत्येक वेळी तुम्ही तळाची शीट ओढता तेव्हा बाजूंनी ताजे द्रावण आत घुसते, कडांवरून वेगाने वाहते आणि मध्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा जोर संपलेला असतो. सावकाश चालणाऱ्या डेव्हलपरमध्ये हा फरक पुढच्या मिनिटांत भरून निघतो. साडेतीन मिनिटांत तो भरून निघायला वावच नाही. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ येत असेल तर तापमान किंवा द्रावणाची तीव्रता यांपैकी काहीतरी बदलावे, हा नियम रोललाही लागू आहे. शीटला तो दुप्पट लागू होतो.

म्हणून माझी सूचना अशी. डी-७६ मध्ये तेवढेच पाणी मिसळून वापरा. या प्रमाणाला एफपी४ प्लससाठी २० अंशांना ११ मिनिटे दिलेली आहेत. २४ अंशांना ती सुमारे साडेसात होतात. ही वेळ टाकीत थांबून थांबून हलवण्याची आहे, आणि ट्रेमध्ये तर आपण सतत ढवळत असतो, म्हणून तिच्यातून साधारण पंधरा टक्के वजा करा. साडेसहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि निगेटिव्ह पाहून पुढे-मागे करा. २० अंशांचा हट्ट उन्हाळ्यात धरू नये. २४ गाठता येतात आणि पुरतात.

एका वेळी शीट मात्र चारच घ्या. ४×५ च्या चार शीट मिळून ८० चौरस इंच होतात, म्हणजे ३६ फोटोंच्या एका रोलएवढेच क्षेत्रफळ, आणि तेवढ्यासाठी मूळ डी-७६ निदान २५० मिलिलिटर तरी हवा. तितकेच पाणी घातले की अर्धा लिटर होतो. वापरून झाला की ओतून टाका. पातळ केलेला डी-७६ जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

ट्रे मात्र ८×१० चा घ्यावा असे मला वाटते, कारण लहान ट्रेमध्ये द्रावण भिंतीवर आपटून परत फिरते आणि त्याचेही पट्टे उठतात.

जांभळट छटेचे कारण सोपे आहे: शेवटच्या खेपेपर्यंत तुमचा हायपो दमला. फिल्मचा एक वाया गेलेला, न धुतलेला तुकडा उजेडात हायपोमध्ये टाका आणि दुधाळपणा जाऊन तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवायची. ताज्या हायपोपेक्षा हा वेळ दुप्पट झाला की हायपो बदलायचा. छटा असलेल्या निगेटिव्ह ताज्या हायपोत पुन्हा बुडवून नीट धुवा. बहुतेक छटा जाईल.

अर्धीप्लेट (कोल्हापूर)

चौकट यांनी निदान अचूक केले आहे. मला फक्त हातांविषयी बोलायचे आहे, कारण आमच्या स्टुडिओत हाफ प्लेट या जुन्या मापाच्या निगेटिव्ह धुण्यात माझी वीसेक वर्षे गेली, आणि त्या काळात फिल्मचे जेवढे नुकसान रसायनांनी केले नाही तेवढे नखांनी केले.

तुमचे चंद्रकोरीसारखे ओरखडे म्हणजे शीटचे कोपरे आहेत. वरची शीट तिरकी खाली आली की तिचा टोकदार कोपरा खालच्या शीटच्या भिजून फुगलेल्या जिलेटिनवर फिरतो आणि तसाच कमानदार ओरखडा उठतो. यावर उपाय एकच: शीट कधीही टोकाकडून खाली सोडू नये. तळाची शीट लांब कडेला धरून आडवी ओढावी, पाण्याच्या वर पूर्ण काढावी, गठ्ठ्यावर सपाट ठेवावी आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, हलकेच खाली दाबावी. एक हात गठ्ठा सरळ धरण्यासाठी आणि दुसरा फिरवण्यासाठी, अशी कामाची वाटणी आधीच ठरवून घ्यावी. काळोखात हात बदलला की गोंधळ झालाच म्हणून समजा. चार शीट असतील तर प्रत्येकीला सात-आठ सेकंद द्यावेत, म्हणजे अर्ध्या मिनिटात गठ्ठ्याची एक फेरी पुरी होते. त्याहून घाई करू नये.

शीट उभी धरून तिच्या कडेला ओळखीसाठी कापलेल्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या की इमल्शनची (प्रकाश टिपणाऱ्या थराची) बाजू तुमच्याकडे असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इमल्शन वर ठेवावे. पहिली शीट मात्र गठ्ठ्यात उलट्या टोकाने ठेवावी, म्हणजे तिच्या खाचा इतर तिघींच्या विरुद्ध कोपऱ्यात येतात. ती हाताला लागली की एक फेरी झाली, असे मोजणे सोपे जाते आणि काढतानाही पहिली कोणती हे शोधत बसावे लागत नाही.

शीट चिकटल्या त्या पहिल्याच ट्रेमध्ये. कोरड्या शीटवर कोरडी शीट पडून दोघी एकदम भिजल्या तर त्या एकमेकींना सोडत नाहीत, आणि काळोखात ओढाताण केली तर इमल्शनच सोलून निघते. साध्या पाण्यात एकेक शीट सुटी सोडावी, ती पूर्ण बुडवून दहा-पंधरा सेकंद थांबावे, मगच दुसरी. चारही भिजल्यावर दोन-तीन फेऱ्या पाण्यातच माराव्यात.

चौकट यांच्याशी एका ठिकाणी मात्र माझा मतभेद आहे. ८×१० च्या ट्रेमध्ये शीट पांगतात, एकमेकींवरून घसरतात आणि कोपरे पुन्हा लागतात. ५×७ चाच ट्रे ठेवा, पण तो खोल असावा आणि अर्धा लिटर द्रावण पूर्ण ओता, म्हणजे शीटवर नुसता थर न राहता त्या खरोखर बुडतील.

पाणी थंड करायला बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, प्रमाण बिघडते. मोठ्या परातीत माठातले पाणी घालून तिच्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवा आणि लागलाच तर बर्फ पिशवीत बांधून परातीत सोडा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ तुमचे निम्मे काम करील. हायपोचे खडे घरी विरघळवत असाल तर ते आदल्या दिवशी विरघळवा; खडे विरघळताना पाणी इतके गार पडते की भांड्याला हात लावून पाहिले तर नवल वाटावे. डेव्हलपर एका तापमानाचा आणि हायपो त्याहून दहा अंश गार, असे झाले तर फुगलेले जिलेटिन एकदम आकसते आणि निगेटिव्हवर सुरकुत्यांची जाळी उमटते. ती कशानेही जात नाही. सगळे ट्रे दोन-तीन अंशांच्या आत ठेवावेत.

एक सावधगिरीचे सांगतो. डी-७६ मध्ये मेटॉल असते आणि ते काही जणांच्या कातडीला बाधते. आमच्याकडच्या एका मदतनिसाची बोटे फुटली, ती महिनोन्महिने बरी झाली नाहीत. नायट्राइलचे घट्ट बसणारे हातमोजे घाला. नखांचा प्रश्नही त्याने सुटतो.

दमट_हवा (रत्नागिरी)

माठाचा सल्ला देशावरच्या लोकांसाठी ठीक आहे. आमच्याकडे मे महिन्यात हवाच इतकी ओली असते की माठातले पाणी नळाच्या पाण्यापेक्षा फारतर दोन अंशांनी कमी भरते. कोकणातल्या वाचकांनी फ्रिजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाव्यात आणि त्यांतून डेव्हलपर पातळ करावा. निम्मे पाणी फ्रिजमधले असले की २४ अंशांवर सहज येता येते.

फिल्म आधी पाण्यात भिजवण्याबद्दल एक खुलासा हवा. धुलाई असमान होऊ शकते म्हणून आधी भिजवू नये, असे इल्फर्ड स्वतः सांगते, आणि मी टाकीत कधी भिजवत नाही. ट्रेमध्ये एकावर एक शीट असताना मात्र भिजवण्याला पर्याय नाही, कारण चिकटण्याचा धोका त्याहून मोठा. भिजवायचेच तर अर्धवट भिजवू नये. रातकिडा यांचे एक मिनिट, तेही सहा शीट एकत्र टाकून, मला फार अपुरे वाटते. शेवटची शीट बुडाल्यावर तीन मिनिटे द्यावीत.

सरावासाठी महागडी फिल्म वाया घालवू नका. वाया गेलेल्या चार निगेटिव्ह घेऊन दिवसाउजेडी साध्या पाण्यात हात बसवा, मग डोळे मिटून तेच करा.

रातकिडा (पुणे)

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या दोन शनिवारी मिळून बारा शीट धुतल्या, त्यांचा वृत्तांत देतो.

कडेची पट्टी भिंगाखाली पाहिली, ती अगदी स्वच्छ आहे; म्हणजे न्हाणीघर सुटले. पहिल्या रात्री चौकटताईंचे ऐकून ८×१० चा ट्रे घेतला, समप्रमाणात पाणी घातलेला डी-७६, २४ अंश, साडेसहा मिनिटे, चार शीट. आकाशातला पट्टा पहिल्याच खेपेत गेला. पण अर्धीप्लेट काका म्हणाले तेच झाले: तिसऱ्या मिनिटाला एक शीट कोपऱ्यात निसटली आणि ती शोधताना दुसरीला ओरखडा पडला. पुढच्या दोन खेपा ५×७ च्या खोल ट्रेमध्ये केल्या, त्यांत एकही ओरखडा नाही. पहिली शीट उलट्या टोकाने ठेवण्याची युक्ती तर फारच उपयोगी पडली. वेळ मोजण्यासाठी मी माझ्याच आवाजात "फिरव... फिरव..." असे आठ-आठ सेकंदांनी म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि फोन दाराबाहेर स्टुलावर ठेवला. घरच्यांची त्यावर करमणूक झाली, ती वेगळी गोष्ट.

हायपोची परीक्षाही घेतली. ताज्या हायपोत फिल्मचा तुकडा दोन मिनिटांत पारदर्शक झाला, जुन्यात त्याला साडेपाच मिनिटे लागली. जांभळट निगेटिव्ह ताज्या हायपोत टाकून पुन्हा धुतल्यावर छटा जवळजवळ गेली आहे.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. आकाशात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके येतात, एका शीटवर तर पंधरा-वीस मोजले. आणि वाळल्यावर फिल्मच्या पाठीवर पाण्याचे पांढरट वळ राहतात. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते.

चौकट (ठाणे)

ट्रेच्या बाबतीत हार मानते. माझा हात ८×१० च्या ट्रेवर बसला आहे, तो सगळ्यांचा बसेलच असे नाही.

पारदर्शक ठिपके म्हणजे प्रकाश पडतानाच फिल्मवर बसलेली धूळ. धुळीच्या कणाने तिथे प्रकाश अडवला, म्हणून निगेटिव्हमध्ये भोक आणि प्रिंटमध्ये काळा ठिपका. धुलाईशी तिचा संबंध नाही. होल्डर उघडून मऊ रुंद ब्रशने झाडा, डार्कस्लाइडच्या (होल्डर झाकणाऱ्या सरकत्या पट्टीच्या) खाचेतली धूळ विसरू नका, आणि भरलेले होल्डर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. जुन्या कॅमेऱ्याच्या भात्याच्या घड्यांतही वर्षानुवर्षांची धूळ असते. तो पूर्ण ताणून आतून हळुवार झाडून घ्या. शीट भरण्याआधी अर्धा तास न्हाणीघरात गरम पाणी सोडून हवा जरा ओलसर केली तर उडणारी धूळ खाली बसते.

बोअरच्या पाण्याने धुवायला हरकत नाही, पण शेवटचा हात शुद्ध पाण्याचा हवा. घरातल्या आरओचे किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर घ्या, त्यात फिल्मसाठीचे वेटिंग एजंट (पाणी थेंबांत न साचता सारखे निथळावे म्हणून घालायचे द्रावण) बाटलीवर सांगितल्यापेक्षा थोडे कमीच घाला, शीट अर्धा मिनिट बुडवा आणि एका कोपऱ्याला चिमटा लावून तिरकी टांगा, म्हणजे पाणी एकाच टोकाला गोळा होऊन गळून जाईल. बोटांनी किंवा स्पंजने निपटू नका. आता उरलेले वळ पाठीवर आहेत, इमल्शनवर नाहीत, तेव्हा ती शीट पुन्हा पाच मिनिटे भिजवून याच पाण्यातून काढली की ते निघतील.

रातकिडा (पुणे)

भात्याच्या घड्यांतून निघालेली धूळ पाहून मी थक्क झालो; एका घडीत चक्क मुंगीचा वाळलेला पाय होता. आरओच्या पाण्याने वळही गेले. बंद टाकी घेण्याचा बेत सध्या पुढे ढकलला आहे. डब्यातल्या शीट केव्हाच संपल्या, दुसरा डबा आला की पर्वतीच्या पायऱ्यांचे फोटो काढून इथे टाकतो.